चाल नाचते, शब्द रडतात
(गीत-कार्यशाळेत केलेल्या भाषणातून)



गाजलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर आपले शब्द बसवायचे, ही आपल्या चळवळीची जुनी रीत. चाल सगळ्यांच्या ओठांवर असते, म्हणून बायका लगेच साथ धरतात. समाजकार्याचं शिक्षण संपवून मी वस्तीत काम करू लागले, तेव्हा मीही तेच केलं. एका आठ मार्चला पॉप ठेक्याच्या चालीवर हुंड्यापायी जाळलेल्या सुनेचं गाणं बसवलं. कीबोर्ड, टाळ्या, पोरी नाचल्या. कार्यक्रम छान झाला, असं मला वाटलं. नंतर एक बाई जवळ आली. म्हणाली, "ताई, माझी बहीण अशीच गेली. तुम्ही तिच्यावर नाचलात."

मला उत्तर सुचलं नाही. मी मात्रा मोजल्या होत्या, चालीचा भाव पाहिला नव्हता.

म्हणून आता आम्ही आधी चाल नुसती गुणगुणतो आणि बायकांना विचारतो, ही ऐकून काय करावंसं वाटतं? 'नाचावंसं' असं उत्तर आलं, तर त्या चालीवर मरण नको. तिथे थट्टा चालते, हिंमत चालते, स्वप्नं चालतात. 2000 सालच्या 'मन के मंजीरे'चं उदाहरण घ्या. गीत प्रसून जोशी, संगीत शांतनु मोइत्रा, आवाज शुभा मुद्गल. विषय बाईवरच्या हिंसेचा. चित्रफितीत मारणारा नवरा सोडून ट्रक चालवणारी बाई. पण शब्द माराचं वर्णन करत बसत नाहीत, मोकळं झालेलं मन गातात. म्हणून तो ठेका तिथे शोभतो.

दुसरी गोष्ट उच्चाराची. 'नाही' या शब्दात दोन्ही अक्षरं दीर्घ, लांब सुरावर तो ठाम उभा राहतो. 'स्त्रीभ्रूणहत्या' मात्र जलद ठेक्यात जोडाक्षरांना अडखळते. तिथे 'लेक' म्हणा, 'पोटातली पोर' म्हणा. महत्त्वाचा शब्द घाईच्या जागी टाकू नका, ध्रुपदात ठेवा. तो सगळ्याजणी पुन्हा पुन्हा म्हणतील.

त्या चालीवर आम्ही पुढे नवं गाणं केलं: स्वतःच्या नावाचं बँकेचं पासबुक मिळालेल्या बाईचं. पोरी पुन्हा नाचल्या, यावेळी हक्कानं. आणि बहिणीसाठी ओवी झाली, वाद्यांशिवाय. पहिली ओळ तिनेच उचलली. आम्ही मागून म्हटली, हळू.