अटीची पारख

(केंद्रातील शिक्षक-संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव थोडे अपरिचित वाटेल. परंतु त्याचा गाभा आपल्या रोजच्या कामातलाच आहे. "हजेरी कमी असेल तर पालकांस कळवावे, नसेल तर काही करू नये," असे आपण नित्य म्हणतो. हेच वाक्य संगणकास कसे सांगावे आणि तो त्याचा अर्थ कसा लावतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

लिनक्ससारख्या प्रणालीवर ओळीने आज्ञा लिहून संगणकाकडून काम करून घेता येते. त्या आज्ञा वाचून अमलात आणणाऱ्या कार्यक्रमास 'शेल' म्हणतात. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झाला. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये त्याच वळणाचा 'बॅश' तयार केला व तो आज पुष्कळ ठिकाणी वापरात आहे. शेलमधील अट 'इफ' या शब्दाने सुरू होते. 'देन'नंतर करावयाचे काम येते, 'एल्स'नंतर एरवीचे काम येते आणि 'इफ'ची अक्षरे उलटी करून केलेल्या 'फाय'ने ती संपते.

आता मुख्य मुद्दा. 'इफ' स्वतः खरेखोटे तपासत नाही. ते पुढे लिहिलेली आज्ञा चालवून पाहते. प्रत्येक आज्ञा काम संपताना ० ते २५५ पैकी एक अंक मागे ठेवते. तो शून्य असेल तर अट खरी, दुसरा कोणताही असेल तर खोटी. ज्यांच्या नावाने हे खऱ्याखोट्याचे गणित ओळखले जाते ते जॉर्ज बूल आपल्यासारखेच शाळामास्तर होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली होती. त्यांच्या गणितात खऱ्यास १ व खोट्यास ० मानतात. शेलमध्ये हे उलट का? कारण सोपे आहे. काम तडीस जाण्याचा प्रकार एकच. बिघडण्याचे मात्र अनेक. प्रत्येक बिघाडास वेगळा अंक देता यावा म्हणून शून्य यशाकडे ठेवले.

तपासणीची आज्ञा 'टेस्ट' या नावाची आहे. डावा चौकोनी कंस हे तिचेच दुसरे नाव. तो कंस विरामचिन्ह नसून आज्ञेचे नाव आहे, म्हणून त्याच्यापुढे जागा सोडावीच लागते. नवशिक्याची पहिली चूक बहुधा येथेच होते.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली, ती सांगतो. मी एका शाळेत असताना महिन्याची हजेरी ७५ टक्क्यांहून कमी असलेल्या मुलांची यादी शेलकडून काढविली. दुहेरी चौकोनी कंसात हजेरीचा आकडा, 'पेक्षा लहान' हे आपले गणितातले चिन्ह आणि ७५, अशी अट लिहिली. यादी आली, दहावीस नावे पडताळली, बरोबर निघाली. चिठ्ठ्या घरोघर गेल्या. दुसऱ्या दिवशी तिसरीतील एका मुलीचे वडील चिठ्ठी घेऊन दारात उभे! "गुरुजी, माझी पोर एक दिस घरी ऱ्हायली न्हाई. मग ही चिठ्ठी कशापायी?" हजेरीपट काढला. मुलीची हजेरी १०० टक्के होती.

त्या दुहेरी कंसात ते चिन्ह संख्यांची तुलना करीत नाही; अक्षरांची करते. आपण नावे अकारविल्हे लावतो तेव्हा नावाची लांबी पाहत नाही, पहिले अक्षर पाहतो. तसेच शेलने १०० मधील १ आणि ७५ मधील ७ पाहिला. १ आधी येतो, म्हणून १०० लहान ठरविले. दोन अंकी आकड्यांत ही चूक दिसतच नाही, म्हणून माझी पडताळणी फसली. याहून वाईट गोष्ट पुढे उघडकीस आली. आईबापांबरोबर ऊसतोडणीस गेलेल्या एका मुलाची हजेरी ८ टक्के होती. ८ हा ७ च्या नंतर येतो. म्हणून त्याचे नाव यादीत आलेच नाही. जिला शाबासकी द्यावयाची तिला चिठ्ठी गेली, आणि ज्याच्या घरी जावयाचे त्याचा विसर पडला.

संख्यांची तुलना करावयाची असेल तर चिन्हाऐवजी आडव्या रेघेपुढे 'एलटी' ही इंग्रजी अक्षरे लिहावी. 'किमान इतके' यासाठी 'जीई' लिहावे. एकेरी कंसात तर ते चिन्ह तुलनेचेही राहत नाही. तेथे 'पेक्षा मोठे' हे चिन्ह लिहिले तर शेल ७५ नावाची एक रिकामी फाइल तयार करतो आणि रकाना कोरा नसलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत अट खरी ठरवितो.

तिसरी गोष्ट कोऱ्या रकान्याची. हजेरी भरावयाची राहून गेली आणि एकेरी कंसात 'एलटी'ने तुलना केली, तर 'टेस्ट' तक्रार करते व २ हा अंक ठेवते. खरे असेल तर ०, खोटे असेल तर १, आणि प्रश्नच कळला नाही तर २, अशी तिची तीन उत्तरे आहेत. परंतु 'इफ'ला शून्य व शून्येतर एवढेच कळते. म्हणून 'कळले नाही' हेही 'नाही'मध्ये जमा होते आणि कोऱ्या रकान्याचे मूल मुकाट्याने पुरेशा हजेरीत जाऊन बसते. यावर उपाय हा की, रकाना कोरा आहे काय हे आधी वेगळ्या अटीने विचारावे. त्यासाठी आडव्या रेघेपुढे 'झेड' हे अक्षर लिहितात. तुलना त्यानंतर करावी. चलाचे नाव नेहमी दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे, म्हणजे मजकूर कोरा असला तरी त्याची जागा राहते.

हे वर्गात शिकविण्यास संगणक असलाच पाहिजे असे नाही. फळ्यावर अट लिहावी आणि ८, ७४, ७५, ७६, १०० व एक कोरी, अशा सहा चिठ्ठ्या मुलांच्या हाती द्याव्या. प्रत्येकाने आपली बाजू सांगावी. '७५ पेक्षा कमी' आणि '७५ किंवा त्याहून कमी' यांतील भेद ७५ ची चिठ्ठी धरणाऱ्या मुलास जसा उमगेल तसा व्याख्येने उमगणार नाही. कोरी चिठ्ठी असलेला मुलगा कोठे उभा राहील, हे वर्गालाच ठरवू द्यावे.

बंधुभगिनींनो, यंत्र आपल्या मनातला हेतू वाचत नाही. लिहिलेली अट वाचते. यादी कोणीही काढो, तिच्याखाली सही आपली असते. म्हणून चिठ्ठी धाडण्यापूर्वी सर्वांत लहान आकडा, सर्वांत मोठा आकडा, सीमेवरचा आकडा आणि कोरा रकाना हे चार हजेरीपटाशी ताडून पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.