बोटीवरची खोली निवडताना

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी हा विषय सुचवला तेव्हा मी म्हटलं, अहो, मी उभ्या जन्मात दोनदा क्रूझला गेलोय, मी काय भाषण करणार? ते म्हणाले, बाकीचे एकदाही गेलेले नाहीत आणि निम्मी सोसायटी सध्या ब्रोशर घेऊन फिरतेय. ते खरं आहे. मागच्या महिन्यात मला लिफ्टमध्ये दोघांनी आणि भाजीवाल्याकडे एकांनी एकच प्रश्न विचारला : "काका, बाल्कनी घेऊ की सूट?" तेव्हा आज प्रवासवर्णन नाही. खोली कशी निवडायची, एवढंच सांगणार आहे. यात माझी एक मोठी चूक झालेली आहे, तीही सांगणार आहे. जिच्या बाबतीत झाली ती समोरच बसली आहे. त्यामुळे मला पदरचं काही घालता येणार नाही.

पंचवीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवा. इथे इमारत नव्हती, नुसता चिखल होता. बिल्डरच्या पत्र्याच्या ऑफिसात टेबलावर प्लॅन पसरलेला आणि आपण सगळे त्यावर वाकलेलो. काय बघत होतो आपण? टाकीखालचा फ्लॅट नको, गळेल. लिफ्टच्या मशीनला लागून नको, घरघर येईल. पश्चिमेची बेडरूम नको. जिन्यासमोरचा दरवाजा नको. हॉलच्या टाइल्स कुठल्या, हे आपण शेवटी विचारलं. बोटीवरची केबिन निवडताना नेमकं हेच करायचं असतं. पण तिथे आपण फोटो बघतो, किंमत बघतो आणि पैसे भरून मोकळे होतो. प्रत्येक जहाजाचा मजल्यांचा नकाशा मिळतो, त्याला डेक प्लॅन म्हणतात. तो मागायचा आणि टेबलावर पसरायचा.

आधी प्रकार सांगतो, पटकन. इनसाइड म्हणजे बिनखिडकीची, सगळ्यात स्वस्त, साधारण दीडशे चौरस फूट. ओशनव्ह्यू म्हणजे खिडकीची, पण ती खिडकी उघडत नाही. बाल्कनी म्हणजे दोन खुर्च्या मावतील एवढा सज्जा असलेली. आणि सूट. सूटला मात्र अंत नाही. काही जहाजांवर सूट म्हणजे थोडी मोठी खोली आणि एक सोफा. 'सेव्हन सीज एक्सप्लोरर' नावाचं 2016 सालचं एक जहाज आहे, त्यावरचा सगळ्यात मोठा सूट बाल्कनी धरून चार हजार चौरस फुटांच्या वर आहे. आपल्या एका मजल्यावरचे सगळे फ्लॅट एकत्र केले तर कदाचित तेवढे भरतील! तर त्या शब्दावर जाऊ नका, चौरस फूट विचारा. आणि दर माणशी असतो, खोलीमागे नाही, तोही खोलीत दोघं राहणार असं धरून. एकट्याने जायचं तर पुष्कळदा जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागतं. बंदराचे कर आणि कर्मचाऱ्यांची रोजची टिप वेगळी, सूटला टिप जास्त. ही शेवटची ओळ ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असते. आमच्या बँकेच्या फॉर्मवरही तशीच असायची, त्यामुळे मी ती आधी वाचतो.

आता माझी चूक.

2013 साली निवृत्तीचे पैसे हातात होते. सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ ठरवली. मी बँकेतला माणूस. हिशेब मांडला : खोलीत आपण फक्त झोपणार, दिवसभर बाहेर, मग मिटल्या डोळ्यांना खिडकी कशाला? इनसाइड घेतली. हिला विचारलं नाही, 'बुकिंग झालं' एवढं सांगितलं. हिशेबात चूक नव्हती, फक्त तो एकट्या माझा होता.

बिनखिडकीच्या खोलीत दिवा मालवला की जो काळोख होतो तो आपल्या घरात कधीच होत नाही. आपल्याकडे रस्त्याचा दिवा असतो, दाराखालची फट असते. तिथे डोळे उघडे की मिटलेले हे कळत नाही. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास ही बाथरूमसाठी उठली. जहाजावर बाथरूमला चांगला उंच उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. त्याला पाय अडकला. हातावर पडली. मनगटाच्या हाडाला चीर गेली. जहाजावरच्या डॉक्टरांनी व्यवस्थित बांधून दिलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण हात गळ्यात आणि पायाखाली हलणारं जहाज, त्यामुळे ती खोलीबाहेर पडायला घाबरायला लागली.

आणि मी? मी पेनांगला उतरलो. पैसे भरले होते ना. देऊळ बघितलं, बाजार बघितला, फोटो काढले. परत येऊन दार उघडलं तर ही पलंगावर बसलेली. मला म्हणाली, "अहो, बाहेर ऊन आहे का?" दुपारचे दोन वाजले होते.

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. ती विसरली म्हणते. असो.

2018 मध्ये मुलाने अलास्काचं काढलं. तो सिअ‍ॅटलला असतो. तिथून सात रात्रींची फेरी निघते : जुनो, स्कॅगवे, केचिकन, परतताना कॅनडाचं व्हिक्टोरिया. व्हिक्टोरिया का, तर 1886 सालच्या एका अमेरिकन कायद्यामुळे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेतल्या बंदरातून निघून नुसती अमेरिकेचीच बंदरं करून परत येता येत नाही, मध्ये एक परकं बंदर लागतं. आपल्याला त्याचा परिणाम एवढाच, की कॅनडाचा व्हिसाही आधी काढावा लागला. तेही खर्चात धरा.

यावेळी मी डेक प्लॅन छापून आणला आणि हिच्यापुढे ठेवला. म्हटलं, तू निवड. मुलगा म्हणत होता, बाबा, मी सूट करतो तुमच्यासाठी. आम्ही आधी मिनी-सूट बघितला. हिने चष्मा लावून नकाशा बघितला आणि विचारलं, "हे बाथरूममध्ये लांबट काय आहे?" टब होता. अनेक जहाजांवर साध्या खोलीत उभं राहून आंघोळीची जागा असते आणि जरा वरच्या दर्जाची खोली घेतली की शॉवर टबात जातो. म्हणजे जास्त पैसे भरायचे आणि रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्याने दीड फुटाची भिंत ओलांडायची, तीही हलत्या जहाजावर. मिनी-सूट तिथेच बाद झाला. मला हे सुचलं नसतं. माझे गुडघे अजून बरे आहेत.

मग ती म्हणाली, "तुम्ही सगळे उतरून फिरायला जाणार, मी काही प्रत्येक ठिकाणी येणार नाही. मला सज्जा हवा." फरक माणशी सुमारे 500 डॉलर होता. दोघांचे हजार. तेव्हाच्या भावाने 68 हजार रुपये, म्हणजे रात्रीला साधारण 9,700. मी कागदावर मांडलं आणि कागद घडी करून खिशात टाकला. जो माणूस खोलीत दोन तास असणार त्याने खिडकीचा हिशेब करायचा नसतो, जो दहा तास असणार त्याने करायचा.

आता जागा. लहानपणी आम्ही मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायचो, डेकवरून. आई धावत जाऊन चादर टाकून जागा धरायची. ती कधी टोकाला बसली नाही. "मधे बसा रे, तिथे बोट लागत नाही," म्हणायची. तिला भौतिकशास्त्र येत नव्हतं, पण एसटीची मागची सीट कशी उडते आणि मधली का उडत नाही हे माहीत होतं. मोठ्या जहाजाचंही तेच. पुढचं टोक आणि मागचं टोक वरखाली होतं, मध्यभाग कमी हलतो. वरच्या मजल्यांना झोका जास्त, खालच्यांना कमी. 'टायटॅनिक'वर पहिल्या वर्गाच्या खोल्या मध्यावर होत्या आणि तिसऱ्या वर्गातले एकटे पुरुष पुढच्या टोकाला, बायका-मुलं मागच्या टोकाला, ते उगाच नाही. आज गंमत अशी, की काही महागडे सूट अगदी वरच्या मजल्यावर, एकदम पुढे असतात. देखावा उत्तम. पण ज्याला बोट लागते त्याने तो देखावा गोळी घेऊन बघायचा. सिअ‍ॅटलहून निघालेली जहाजं बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, खुल्या पॅसिफिकमधून जातात. तिथे पहिल्या रात्री आमच्या ग्लासातलं पाणी हलत होतं. आम्ही मध्यावर होतो, झोपलो. मुलाला पुढची खोली मिळाली होती, तो सकाळी नाश्त्याला आला नाही.

वर काय आहे, खाली काय आहे, हेही बघा. स्विमिंग पूलच्या खालची खोली म्हणजे टाकीखालचा फ्लॅट. गळत नाही, पण पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढतात. नाट्यगृहाच्या किंवा डान्सच्या जागेच्या वर नको, मध्यरात्रीपर्यंत पलंग ताल धरतो. सगळ्यात खाली आणि पुढे असाल तर बंदरात शिरताना भल्या पहाटे यंत्रांची थरथर आणि नांगराच्या साखळीचा खडखडाट. वरही केबिन, खालीही केबिन, अशी मधली पट्टी शोधा. नकाशात शेजारच्या खोलीकडे दार दाखवलं असेल तर कुटुंबाला सोयीचं, नाहीतर शेजाऱ्याचं घोरणं फुकट. आणि 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' असं लिहिलेलं असेल तर खिडकीसमोर बहुधा लाइफबोट टांगलेली असते. त्यात वाईट काही नाही, उजेड मिळतो आणि स्वस्त पडते. फक्त समुद्र दिसेल असं बायकोला आधी सांगू नका.

लिफ्ट जवळ हवी, पण समोर नको. चार-पाच दारं सोडून. ही जहाजं तीनशे मीटरच्या आसपास लांब असतात. टोकाची खोली घेतली की जेवणघर दुसऱ्या टोकाला, म्हणजे आपल्या गेटपासून रिक्षा स्टँडपर्यंत, दिवसातून चारदा. चाकाची खुर्ची किंवा वॉकर असेल तर उंबरा नसलेल्या, धरायला दांडे असलेल्या वेगळ्या खोल्या असतात. त्या थोड्या असतात, लवकर सांगा. आणि गरज नसताना त्या अडवू नका, ही विनंती. 'गॅरंटी' नावाची एक स्वस्त योजना असते, त्यात खोलीचा नंबर कंपनी ठरवते. तरुणांना ठीक. आपल्या वयाला ज्याची गॅरंटी हवी नेमकी तीच त्यात नसते.

डावी बाजू की उजवी, यावर मी एक आठवडा घालवला. वाया गेला. जाऊन येऊन फेरी असली की दोन्हींना किनारा मिळतो. ग्लेशिअर बेमध्ये राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज हळूहळू जागच्या जागी गोल वळतं, सगळ्यांना दाखवत. सुमारे अडीचशे फूट उंच बर्फाची निळसर भिंत आमच्या सज्जासमोरून सरकत गेली. ही शाल गुंडाळून बसली होती. आम्ही बाकीचे वरच्या डेकवर गर्दीत, लोकांच्या टोप्यांमधून बघत होतो. मी खाली आलो तर ही म्हणाली, "मोठा तुकडा पडला, आधी पडताना दिसला आणि मग आवाज आला." मी तो पाहिला नव्हता.

जुनोला मी उतरलो, पण तासाभरात परत आलो. ती म्हणाली, कशाला आलात? म्हटलं, पाऊस आहे. नव्हता.

एक गंभीर गोष्ट. 13 जानेवारी 2012 ला 'कोस्टा काँकोर्डिया' इटलीजवळ खडकाला लागून कलंडली, 32 माणसं गेली. आदल्या बंदरात चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत तोवर झालेलीच नव्हती. आता ती निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यावीच लागते. ती चुकवू नका. आणि खोलीत सामान टाकलं की आधी बाहेर या, दारापासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ती हाताने मोजा. आमची सात होती. रात्रीसाठी बारीक बॅटरी उशाशी ठेवा. इनसाइड घेणार असाल तर बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवा. इनसाइड वाईट नाही हं. अलास्कात जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तिथे गाढ झोप हवी असलेल्याला तीच बरी. पण घ्यायची ती दोघांनी बोलून.

राहता राहिला चहा. अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर खोलीत बहुधा किटली नसते, आणि आगीच्या भीतीने स्वतःची नेऊ देत नाहीत. सकाळचा पहिला चहा बुफेतून आणावा लागतो, कपावर बशी ठेवून. म्हणूनही लिफ्ट जवळ हवी. सात सकाळी मी आणला. पाचव्या दिवशी ही म्हणाली, जमायला लागलंय.

ज्यांचं बुकिंग व्हायचं आहे त्यांनी डेक प्लॅन घेऊन रविवारी दहानंतर आमच्याकडे यावं. दोघांनी यावं. आमच्याकडे किटली आहे.