पहिली आवृत्ती आणि बाईची सही

(रत्नागिरी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावर आजचा विषय वाचून मघाशी दोघीतिघींनी मला विचारलंच, की बाई, रेशनचे, पाण्याचे, मारहाणीच्या केसेसचे एवढे प्रश्न समोर पडलेले असताना पहिल्या आवृत्त्या आणि सह्यांची पुस्तकं जमवायचा हा श्रीमंती नाद आपल्यात कुठून आला? प्रश्न रास्त आहे. नाद श्रीमंतांचाच आहे. तरीही त्यातलं काय उचलायचं आणि काय सोडून द्यायचं, याचा विचार आपल्याला करावा लागेल, म्हणून मी आज उभी आहे.

आधी तो नाद कसा असतो ते सांगते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या राजकारणावरची पुस्तकं जमवणाऱ्यांची एक जमातच आहे. तिथे दर चार वर्षांनी निवडणूक होते, आणि तिच्या आगेमागे उमेदवारांची आत्मचरित्रं, पत्रकारांनी लिहिलेल्या प्रचाराच्या हकिगती, सत्तेवरून उतरलेल्यांच्या आठवणी असा पुस्तकांचा पूर येतो. जमवणारा पुस्तक हातात घेतो तो मजकूर वाचायच्या आधी छपाईचं पान उघडतो. तिथे बहुतेक प्रकाशक आकड्यांची एक ओळ छापतात. तिच्यात १ हा आकडा शिल्लक असला तर ती पहिली छपाई. मग वरचं कागदी वेष्टन शाबूत आहे का, त्यावरची किंमत कातरलेली तर नाही ना, हे बघायचं. सही पुस्तकाच्या पानावर हवी, मागाहून चिकटवलेल्या चिठ्ठीवर असली तर भाव उतरतो. आणि सही हाताची हवी. ऑटोपेन नावाचं एक यंत्र असतं, ते पुढाऱ्याची सही हुबेहूब काढून देतं. यंत्राच्या दोन सह्या एकावर एक धरल्या तर तंतोतंत जुळतात. माणसाच्या हाताच्या दोन सह्या तशा कधी जुळत नाहीत. इतकी जुळली की समजायचं, खोटी.

या खटाटोपातला बराचसा भाग बाजाराचा आहे, तो आपण तिथेच ठेवू. पण या जमातीला एक गोष्ट कळली आहे, ती आपल्याला अजून कळायची आहे. जिंकलेल्याचं पुस्तक पुन्हा पुन्हा निघतं, हरलेल्याचं बहुधा एकदाच. शर्ली चिशोम या काळ्या खासदारबाई १९७२ साली डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला उभ्या राहिल्या. त्यांना ती मिळाली नाही. त्या लढतीची हकिगत त्यांनी १९७३ साली ‘द गुड फाइट’ या पुस्तकात लिहिली. आता आपल्याकडे बघा. २००७ साली प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपती झाल्या, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. त्याच्या पाच वर्षं आधी, २००२ साली, आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल डाव्या पक्षांतर्फे त्याच पदासाठी अब्दुल कलामांच्या विरोधात उभ्या होत्या, हे किती जणींना आठवतं? त्या वेळचं एखादं पत्रक, एखादी पुस्तिका आपल्यापैकी कुणाच्या कपाटात आहे का? हात वर करा म्हटलं तर मला वाटतं माझाही वर होणार नाही.

आता आपल्या भाषेतलं उदाहरण घेते, आणि त्यावर जरा थांबते.

पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे त्या जवळजवळ तीन वर्षं राहिल्या, देशभर फिरल्या, भाषणं केली. १८८८ हे वर्ष तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं. क्लीव्हलंड आणि हॅरिसन यांची लढत होती. मतं क्लीव्हलंडला जास्त पडली आणि निवडून हॅरिसन आले, अशी ती चमत्कारिक निवडणूक. त्याच निवडणुकीत बेल्वा लॉकवुड नावाच्या वकीलबाई समान हक्कांच्या पक्षातर्फे उभ्या होत्या, आणि १८८४ नंतरची ती त्यांची दुसरी खेप होती. गंमत अशी की बाई उमेदवार म्हणून उभी राहू शकत होती, पण बहुतेक ठिकाणी बायकांना मत देता येत नव्हतं. देशभर मताचा हक्क मिळायला त्यांना १९२० साल उजाडावं लागलं.

हे सारं वातावरण पाहून रमाबाई १८८९च्या सुरुवातीला मुंबईत परतल्या. मार्चमध्ये त्यांनी शारदा सदन उघडलं आणि त्याच वर्षी ‘यूनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक निर्णयसागर छापखान्यातून काढलं. नावात प्रवासवृत्त आहे म्हणून ते प्रवासवर्णनांच्या फळीवर ठेवलं जातं. पण त्यात राज्यव्यवस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे, शिक्षणावर आहे, स्त्रियांच्या स्थितीवर आहे. राजा नसलेला देश कसा चालतो हे एक मराठी बाई मराठी वाचकांना १८८९ साली समजावून सांगते आहे, तेही राणीच्या राज्यात राहून. हे राजकारणाचं पुस्तक आहे. मला विचाराल तर राष्ट्राध्यक्षीय राजकारणावरच्या पुस्तकांचा मराठी संग्रह कुणाला करायचा असेल तर त्याने पहिली जागा याला द्यावी.

या पुस्तकाची दुसरी आवृत्ती कधी निघाली? १९९६ साली, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढली. मध्ये गेली १०७ वर्षं. मीरा कोसंबींनी केलेला इंग्रजी अनुवाद २००३ साली आला. आता याच्या शेजारी रमाबाईंचं दुसरं पुस्तक ठेवा. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांनी १८८७ साली अमेरिकेत काढलं. आपल्याकडच्या बायकांची दुःखं तिकडच्या वाचकांना सांगणारं ते पुस्तक हजारोंनी खपलं. म्हणजे आपल्याविषयी त्यांना लिहिलेलं पुस्तक भरपूर चाललं, आणि त्यांच्याविषयी आपल्याला लिहिलेलं शंभर वर्षं पडून राहिलं. मधल्या चार पिढ्यांतल्या ज्या बायकांना ते वाचायचं होतं, त्यांना पहिल्या आवृत्तीची जुनी प्रत शोधण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. आपल्याकडे पहिली आवृत्ती जपायची ती एवढ्यासाठी. बाईच्या बाबतीत पुष्कळदा तीच एकुलती एक असते.

ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ची गोष्ट तुम्ही अनेकदा ऐकली असेल. १८८२ साल, पुण्यातला श्री शिवाजी छापखाना, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. नंतर ती दिसेनाशी झाली, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा छापून आणली. आपण त्या पुस्तिकेतली वाक्यं मोर्चाच्या फलकांवर लिहिली, तिच्यावर शिबिरं घेतली. हे सगळं घडलं, कारण पाचशेतली एखादी प्रत कुणीतरी रद्दीत घातली नाही.

आवृत्ती बदलली की पुस्तक बदलतं, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी त्यांनी १९३६ साली अध्यक्षीय भाषण लिहिलं, मंडळाला ते पचलं नाही, परिषदच रद्द झाली. न झालेलं ते अध्यक्षीय भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापलं. इंग्रजी १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेलं उत्तर जोडलेलं आहे, १९४४च्या तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक निबंध आला. तिन्ही शेजारी ठेवल्या की वाद कसा वाढत गेला ते डोळ्यांना दिसतं. एकच ठेवली तर दिसत नाही.

अध्यक्ष हा शब्द आला आहे तर सांगते. राष्ट्राध्यक्ष ही फार लांबची गोष्ट झाली. आपल्या बायका ज्या खुर्च्यांवर बसल्या त्या परिषदांच्या, संमेलनांच्या, नगरपालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या अध्यक्षपदाच्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला आणि पुढच्या वर्षी त्या तुरुंगात गेल्या. अशी भाषणं पातळ पुस्तिकांत छापतात, मांडवात वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यात कुणी भेळ बांधून नेतं. जाड गौरवग्रंथ मात्र टिकतात. गौरवग्रंथांना माझा विरोध नाही, पण त्यात बाई बोलत नसते, तिच्याविषयी इतर बोलत असतात.

नागपूरच्या परिषदेतल्या आणि आंबेडकरी चळवळीतल्या बायका आज आपल्याला नावानिशी माहीत आहेत, त्याचं मोठं श्रेय ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकाला आहे. मीनाक्षी मून आणि आपल्या रत्नागिरीच्या ऊर्मिला पवार यांनी गावोगाव जाऊन म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली ते पुस्तक आलं. ज्यांच्या घरी ती पहिली आवृत्ती असेल त्यांनी ती नीट बघावी. देवरुखच्या बाया कर्वे, म्हणजे शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी, त्यांचं ‘माझे पुराण’ १९४४चं. तेही आपल्याच जिल्ह्याचं धन.

आता सहीविषयी. जुन्या पुस्तकाचं पहिलं पान उघडा. ‘सौ. अमुक यांस सप्रेम भेट’ असं शाईने लिहिलेलं असतं, खाली तारीख, गाव. कधी ‘श्री. व सौ.’ एवढंच, बाईचं नाव नाहीच. कधी तिने स्वतःच पेन्सिलीने आपलं माहेरचं नाव लिहून ठेवलेलं असतं. बाजारातल्या संग्राहकाला असं पान डागाळलेलं वाटतं. आपल्याला त्यातून कळतं की कोणतं पुस्तक कुणाकडून कुणाकडे गेलं, कोणत्या गावात कोणत्या साली बायका काय वाचत होत्या. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलं. त्या वेळी बाळूताई खरे यांनी स्वतःच्या नावाने एखाद्या प्रतीवर सही केली असती तर गुपितच फुटलं असतं. न केलेली सहीसुद्धा काही सांगते ती अशी.

आणि आजचं बोलायचं तर, १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खुर्ची तिची, शिक्का नवऱ्याच्या खिशात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून एखादी सरपंच, एखादी नगराध्यक्षा स्वतः अहवाल लिहिते, छापते आणि त्यावर स्वतःच्या हाताने सही करते, तेव्हा तो कागद मागून घ्या. अक्षर वेडंवाकडं असलं तर अधिक आनंदाने घ्या.

जपणूक कशी करायची ते थोडक्यात, कारण कोकणचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळा. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं अंतर राहू द्या, खालची फळी जमिनीपासून वर हवी. कडुलिंबाची वाळवलेली पानं, वेखंडाचे तुकडे फळीवर ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. लॅमिनेशन तर नकोच नको. मोबाइलवर पानांचे फोटो जरूर काढा, वाचायला त्यांचा उपयोग आहे, पण फोटो काढले म्हणून प्रत टाकून देऊ नका. वेष्टन, किमतीचा शिक्का, मागच्या पानावरच्या जाहिराती, छापखान्याचं नाव, हे सगळं राहू द्या.

खरी अडचण पावसाची नाही, घरच्यांची आहे. जुनी कार्यकर्ती जाते, तेरावं होतं, आणि महिन्याभरात खोली रिकामी करतात. मुलं वाईट नसतात, त्यांना माहीत नसतं. काहीजण तर आईचं नाव रद्दीवाल्याकडे जाऊ नये म्हणून सहीचं पान फाडून घेतात आणि बाकीचं पुस्तक देऊन टाकतात! म्हणून ती हयात असतानाच तिच्याशी बोला. तिच्याकडून यादी करून घ्या, जमलं तर आजच्या तारखेची सही घ्या. पुस्तकं कुठे ठेवायची हा वाद आपल्यात आहे. काहींना कार्यालयातलं कपाट हवं, काहींना वाचनालय. तुमच्या गावात १८२८ सालापासून वाचनालय आहे, त्याच्याकडे अनुभव आहे. माझं मत वाचनालयाकडे झुकतं, पण एका अटीवर: संग्रह एकत्र राहावा आणि त्याची यादी आपल्या हाती असावी.

नोंदवही मागच्या टेबलावर ठेवली आहे. तिच्यात पुस्तकाचं नाव, साल, छापखाना, आवृत्ती, पानावर काय लिहिलं आहे आणि पुस्तक कुणाच्या घरून आलं असे रकाने आखले आहेत. त्या शेवटच्या रकान्यात बाईचं नाव लिहा, कुटुंबाचं आडनाव पुरणार नाही. पुस्तक आज आणलं नसेल तरी चालेल. जेवणाच्या सुट्टीत आधी नोंद करून घेऊ, मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, आपल्यातल्या चौघीजणी घरोघर जाऊन ती पुस्तकं बघतील.