नीलकमल आणि गिरिआरोहिणी

सोलापूरहून बोलतोय. आजचा विषय आहे जुन्या विलायती बसगाड्या. "त्यात काय ऐकायचंय ओ?" म्हणून पुढं सरकवू नका, दोनच मिनिटं द्या.

आपली एसटी सुरू झाली १ जून १९४८ ला. पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली. गाडी बेडफर्ड, म्हणजे इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीची. बॉडी लाकडाची, सीट काथ्याच्या. त्या काळात ताफ्यात लेलँड, अल्बियन, मॉरिस कमर्शियल, कॉमर अशा कितीतरी ब्रिटिश गाड्या होत्या.

पुढं पन्नासच्या दशकात एसटीनं मॉरिसच्या चासीवर दोन आरामगाड्या काढल्या. नावं बघा, नीलकमल आणि गिरिआरोहिणी! पुणे-महाबळेश्वर मार्गावर धावायच्या. दोन-दोनच्या सीट, खिडक्यांना पडदे, हिरवट काचा आणि गाडीत चक्क घड्याळ. आज आपण शिवनेरीत एसीचा झोत अंगावर घेत बसतो ना, तिच्या या आज्याच म्हणा.

आता अशा गाड्या रस्त्यावर का दिसत नाहीत? एसटीची गाडी म्हातारी झाली की लिलावात भंगारात जाते. त्यात महामंडळाला तरी काय दोष द्यायचा? त्यांना रोज हजारो गाड्या चालवायच्या असतात. ब्रिटनमध्ये मात्र हौशी लोक मोडीतली बस विकत घेतात, वर्षानुवर्षं खपून चालू करतात आणि लंडन-ब्रायटन फेरीत मिरवतात. आपल्याकडं मुंबईत बेस्टनं आणिक डेपोत संग्रहालय केलंय. पण गावोगावच्या एसटीचं काय?

मला वाटतं, बस विकत घेणं आपल्या खिशाला झेपणार नाही, पण आठवण जपणं झेपेल. नीलकमलच्या काळात विशीत असलेला ड्रायव्हर आज नव्वदीच्या पुढं असणार. लाकडी बॉडी फोटो बघून पुन्हा बांधता येईल. पण त्या जड स्टिअरिंगनं घाटातलं वळण कसं काढायचे, गाडी बंद पडली की प्रवासी काय करायचे, हे कुठल्या फोटोत सापडणार?

तर एवढं करा. घरात, गल्लीत कुणी निवृत्त ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक असतील, तर मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि विचारा, "काका, तुमची पहिली गाडी कुठली?" मग मध्ये बोलू नका. गाव, डेपो, साल तेवढं विचारून फाईलला नाव द्या.

चला, भेटू पुढच्या भागात!