कामातील खेळाचे मर्म



खो-खोचे मैदान सर्वांच्या परिचयाचे आहे. आठ गडी एका रांगेत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणारा या रांगेतून हवा तेथून आरपार जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला ती मुभा नाही. त्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. म्हणजेच तो कितीही चपळ असला तरी एकटा पुरा पडत नाही. योग्य क्षणी योग्य गड्याला खो द्यायचा आणि स्वतः त्याच्या जागी बसायचे, हाच त्याच्यापुढील मार्ग. या मैदानावर सहकार्याचे प्रवचन कोणी देत नाही. नियमांची रचनाच अशी आहे की सहकार्यावाचून डाव पुढे सरकत नाही.

संगणकीय खेळ रचणाऱ्याचे कामही मुळात हेच असते. चित्रे आणि संगीत ही वरची सजावट. मुख्य प्रश्न असा की, कोणते नियम ठेवले असता माणूस आपणहून प्रयत्न करील, हरला तरी पुन्हा उभा राहील? मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक आणि शल्यचिकित्सक यांचा अभ्यास करून १९७५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. ध्येय स्पष्ट असावे, आपण कोठे आहोत ते तत्काळ कळावे आणि आव्हान कौशल्याच्या तोडीचे असावे. मग माणूस कामात रमतो. आव्हान फार झाले तर धास्ती, फार कमी झाले तर कंटाळा. शस्त्रक्रियागृह आणि बुद्धिबळाचा पट यांत या दृष्टीने अंतर नाही.

हे सूत्र कार्यालयात कसे उतरते याचे एक बोलके उदाहरण म्हणजे स्ट्युअर्ट बटरफिल्ड. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी असलेल्या या कॅनेडियन उद्योजकाने ‘टायनी स्पेक’ या कंपनीतर्फे ‘ग्लिच’ नावाचा खेळ सप्टेंबर २०११ मध्ये लोकांसमोर आणला. त्यात युद्ध नव्हते, मारामारी नव्हती. अकरा महाकाय जीवांच्या कल्पनेतून साकारलेले जग खेळाडूंनी मिळून फुलवायचे होते. पण पुरेसा प्रेक्षकवर्ग लाभला नाही. शिवाय खेळ ‘फ्लॅश’ तंत्रावर उभा होता आणि जग मोबाइलकडे वळत होते. डिसेंबर २०१२ मध्ये खेळ बंद झाला. बहुसंख्य सहकाऱ्यांना निरोप द्यावा लागला. त्यांना दुसरीकडे काम मिळावे यासाठी कंपनीने प्रयत्न केले आणि खेळाडूंचे पैसे परत करण्याची व्यवस्था केली.

खेळ बुडाला, पण एक गोष्ट उरली. व्हँकुव्हर, सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क येथे विखुरलेल्या या चमूने आपापसांत बोलण्यासाठी एक साधन हळूहळू घडविले होते. अनुपस्थित सहकाऱ्याला मागचे बोलणे वाचता यावे, जुना निर्णय शोधता यावा, चर्चा सर्वांसमोर व्हावी, अशा एकेका गरजेतून ते वाढले होते. ‘स्लॅक’ या नावाने ते फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि २०२१ साली ‘सेल्सफोर्स’ने ही कंपनी सुमारे २७.७ अब्ज डॉलरच्या व्यवहारात आपलीशी केली. बाजारात उतरण्यापूर्वीच, जुलै २०१३ मध्ये, बटरफिल्डने सहकाऱ्यांना बजावले होते की आपल्याला खोगीर विकायचे नसून घोडेस्वारीची गोडी लावायची आहे. खो-खोच्या रांगेप्रमाणे येथेही रचनेने सहकार्य सुलभ केले, आणि ती रचना काम करणाऱ्यांच्या हातून झाली होती.

याउलट चित्रही पाहिले पाहिजे. कॅलिफोर्नियात अनाहाइम येथील डिस्नेच्या हॉटेलांत धुलाईघरातील कामगारांची गती मोठ्या पडद्यावर नावानिशी दाखविली जाऊ लागली. २०११ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने हे वृत्त दिले, तेव्हा कामगारांनी त्या पडद्याला दिलेले नावही जगासमोर आले : इलेक्ट्रॉनिक चाबूक! मागे पडण्याच्या भीतीने काही जण प्रसाधनगृहात जाण्याचेही टाळत. २०१९ मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’च्या गोदामांतील खेळांची माहिती ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने प्रसिद्ध केली. उचललेल्या प्रत्येक वस्तूबरोबर पडद्यावरची शर्यत पुढे सरकत असे. सहभाग ऐच्छिक होता, तथापि मूळ कामाच्या वेगाची अपेक्षा काही ऐच्छिक नव्हती.

दोन्ही ठिकाणी खेळाचे बाह्यरूप घेतले गेले, मर्म मात्र बाहेर राहिले. खेळात माणूस स्वेच्छेने उतरतो. तेथे हरण्याची किंमत पोटावर येत नाही. ही दोन अंगे काढून टाकली की गुणफलक उरतो, आणि गुणफलक ही केवळ पाळत असते. आज हिंजवडीत असो वा बंगळुरूत, गुण, पदके आणि क्रमवाऱ्या यांची आरास कार्यालयांत सहज मांडता येते. मांडण्यापूर्वी व्यवस्थापकाने काही प्रश्न स्वतःला विचारावेत. हे आकडे प्रथम कोणासाठी आहेत, कामगाराला सुधारण्यासाठी की वरिष्ठाला दटावण्यासाठी? चूक झाल्यास शिकण्याची संधी आहे काय? नियम ठरविताना ते पाळणाऱ्यांना विचारले होते काय?

साधन चांगले असले तरी विवेक सुटता कामा नये. संदेशांची सोय करणारे यंत्र क्षणाक्षणाला लक्ष विचलितही करते. उत्तर तत्काळ यावे असा अलिखित नियम रूढ झाला की एकाग्रता भंगते आणि कार्यालय घराच्या जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचते. ‘स्लॅक’ या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ सैलपणा, मोकळीक असा आहे. ती मोकळीक नियमांतच राखून ठेवावी लागते.

उत्पादकता वाढावी, यात दुमत नाही. मात्र ती मोजपट्टीने वाढत नाही. खो मिळताच बसलेला गडी झेप घेतो, तो फळ्यावर नाव झळकावे म्हणून नव्हे. आपला क्षण आला आहे आणि साऱ्या संघाचा डाव आता आपल्या पायांवर आहे, हे त्याला ठाऊक असते. कार्यालयातील प्रत्येकाला ही जाणीव देणे, हीच नियम करणाऱ्यांची खरी जबाबदारी आहे.