राइट ऑफ म्हणजे माफ नव्हे

आज एका इंग्रजी शब्दाची उकल करू. शब्द आहे 'राइट ऑफ'. बँकांच्या बातम्यांत तो वरचेवर येतो. देवळीच्या पारावर कुणी त्याचा अर्थ 'कर्ज माफ' असा सांगितला, तर ऐकणाऱ्याचे घर अडचणीत येईल. म्हणून आम्ही तो घेतला.

'राइट' म्हणजे लिहिणे. 'ऑफ' म्हणजे दूर, बाजूला. दोन्ही मिळून लिहून बाजूला काढणे. हा सरळ अर्थ. पण असे जोडशब्द पुढे फार लांब जातात. माणसाला राइट ऑफ केले, म्हणजे याच्या हातून आता काही व्हायचे नाही असे ठरवून टाकले. साठीत पाटी धरणाऱ्याला तर लोक रोजच राइट ऑफ करतात; तिकडे लक्ष देऊ नका. आपल्या भाषेतही हे आहेच. दान देताना हातावरून पाणी सोडतात, ते खरे पाणी. उसने दिलेले परत येईना, की आपण त्या पैशावर पाणी सोडतो. तिथे तांब्याही नसतो अन् पाणीही नसते.

आता बँकेचे पाहा. कर्ज वर्षानुवर्षे फिटत नाही. मग बँक ते आपल्या येण्यातून काढते व तोटा धरते. दुकानदार म्हणतो, बुडीत खाती टाकले. सरकारी कागदात 'निर्लेखन' असते. पण बरं का, हा बदल बँकेच्या वहीतला! तुमचे देणे तसेच राहते. वसुलीची नोटीस येऊ शकते. सातबाऱ्यावर बोजा असेल, तर तोही राहतो. बोजा हा शब्दही असाच. डोक्यावर दिसत नाही, पण जड असतो.

माफी निराळी. २००८ साली केंद्र सरकारने, २०१७ व २०१९ साली महाराष्ट्र सरकारने ती जाहीर केली. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत २ लाख रुपयांपर्यंतचे थकलेले पीककर्ज धरले होते. यादीत नाव आलेल्यांचे पैसे सरकारने भरले. त्यांचे तेवढे देणे खरेच मिटले.

तेव्हा बँकेत स्पष्ट विचारा, "साहेब, माझे खाते राइट ऑफ झाले, की माफ?" तोंडी उत्तरावर उठू नका. देणे मिटले असेल तर बेबाकी दाखला मागा. तो तिथेच बसून वाचा. नाव, खाते क्रमांक, बाकी शून्य, सारे पाहा. मग दाखला तलाठ्याकडे द्या आणि बोजा उतरलेला नवा सातबारा हाती घ्या.