आष्टीची टोपली कोण मोजणार?
(आष्टी येथील बैठकीतील भाषण)



न्यूयॉर्कमध्ये राहायला खर्च किती, मुंबईत किती, याच्या याद्या दरसाल वर्तमानपत्रांत येतात. घरभाडे, दूध, पाव, बसभाडे यांची एक टोपली करायची, न्यूयॉर्कला 100 धरायचे आणि बाकीची शहरे त्याला लावून मोजायची. मोठ्या कंपन्या परदेशी पाठवलेल्या साहेबांचा भत्ता यावर ठरवतात. आपल्याकडेही केंद्राच्या नोकरांचा महागाई भत्ता जानेवारीत आणि जुलैत, कामगारांच्या निर्देशांकावरून ठरतो. ठरू द्या, आम्हाला त्यांचा हेवा नाही. पण त्या टोपलीतले धान्य, दूध, भाजी आपली. मग आपली टोपली कोण मोजतो?

जागतिक तुलनेतला 2017 सालचा एक आकडा ध्यानात ठेवा. त्या साली एका डॉलरला बाजारात 65 रुपये 12 पैसे पडत. पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल येई, तेवढा हिंदुस्थानात सरासरी 20 रुपये 65 पैशांत मिळे. म्हणजे इथले जगणे तिसऱ्या हिश्श्यात! ही स्वस्ताई आली कुठून? कच्चे तेल आणि पोटॅश डॉलर मोजूनच आणावे लागते, तिथे सूट नाही. स्वस्त आहे ती माणसाची मजुरी आणि ताटातले अन्न. शहराच्या स्वस्ताईत आपल्या घामाचा वाटा आहे.

आणि आपल्या मालाचे काय होते? डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्ट 2025 मध्ये, वेचणी तोंडावर असताना, कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत लांबवली. खर्च जगाच्या भावाने आणि विक्री सरकारच्या मर्जीने, असा हा हिशेब आहे.

हमीभाव म्हणाल, तर 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8,110 रुपये आणि संकरित ज्वारीला 3,699 रुपये. यामागे साऱ्या देशाचा सरासरी खर्च धरलेला असतो. गुजरातेतला ओलिताचा कापूस आणि आमच्या हलक्या रानातला, पावसाच्या भरवशावरचा कापूस एकाच सरासरीत. ज्या रानात उतारा कमी, तिथे क्विंटलमागे खर्च जास्त, हे सांगायला कृषी पदवी लागत नाही. न्यूयॉर्क आणि मुंबई वेगळी मोजता येतात, मग आष्टी का नाही?

म्हणून आपणच मोजू. प्रत्येक गावातून दहा घरे पुढे यावीत, त्यात कोरडवाहूची निम्मी तरी असावीत. वही घाला. पेरणीला एकदा आणि माल विकताना एकदा लिहा: लिटरभर डिझेल, पोटॅशची गोणी, दिवसाची मजुरी, नगरच्या दवाखान्याची एक फेरी, पोराची फी. मात्र रुपयांत मांडून थांबू नका. त्या दिवशी त्यासाठी किती किलो कापूस घालावा लागला, किती किलो ज्वारी, ते लिहा. बाईच्या वेचणीची आणि घरच्या राबण्याची मजुरीही धरा. ती फुकट धरली की हिशेब खोटा ठरतो.

पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन या. भाव मागायला जाताना आपल्या हातात आपला आकडा असला पाहिजे.